हळद लागलेला स्टेक

बराकपूर, २१ जानेवारी १९७३

सुटले एकदाची! दादा इतक्या वर्षांनी लंडनहून आला, इंग्रज बायकोला घेऊन, आणि कालपासून माझ्याच घरात परक्यासारखा प्रत्येक गोष्टीला 'थँक यू' म्हणतोय. मेरीवहिनीला स्टेक आवडतो, म्हणून सकाळी कलकत्त्याच्या न्यू मार्केटात जाऊन बरगडीजवळचं, चरबीच्या बारीक रेघा असलेलं बीफ चांगलं जाड कापून घेतलं. मी स्वतः खात नाही, त्यामुळे चाखून बघायचीही सोय नाही. आणि केलं काय? मटणाला लावते तसं सवयीने हळद-मीठ चोळून बसले! धुतलं, पुसलं, पण पिवळेपणा जाईना. तव्यावरचं लोणीसुद्धा हळदीचं झालं. काय म्हणेल ती?

वहिनीने एक तुकडा खाल्ला आणि थांबली. माझा जीव टांगणीला. मग दादाकडे बघून हसत म्हणाली, "अगदी तू घरी करतोस तसाच!"

दादाने मान खाली घातली. "काय करू, हात आपोआप हळदीकडे जातो गं," तो मला म्हणाला. "आईची सवय."

मी आणखी वाढायला गेले, तेव्हा तो 'थँक यू' म्हणाला नाही. नुसतं ताट पुढे केलं.