टाकीतलं पाणी

अण्णा, काका आता वर्कशॉपवर येत नाहीत. दिवाळीच्या आधीपासून आले नाहीत. तुमचे मित्र म्हणून तुम्ही गेल्यावरही त्यांनी शनिवार कधी चुकवला नव्हता. चहा घ्यायचे, खुर्ची दारात ओढून बसायचे आणि तुमच्याबद्दल काहीतरी सांगायचे, तेच ते, थोडं वाढवून. आता ती खुर्ची आत ठेवली आहे. रस्त्याकडे बघत बसण्यासारखं काही राहिलंही नाही. हडपसर तुम्ही पाहिलं होतं तसं नाही. समोर मळा होता तिथे काचेच्या इमारती आहेत, ट्रॅक्टर येतात ते पार लांबून, आणि रहदारीत अडकले की मागचे मोटारवाले हॉर्न वाजवून त्यांचा जीव काढतात. मीही थकले आहे, हे खरं. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल हातात धरून उजेडाकडे बघायचं तर आता चष्मा दोनदा पुसावा लागतो.

काका का येत नाहीत ते तुम्हाला सांगायला हवं.

परतीचा पाऊस लांबला होता. एक बाई ट्रॅक्टर टेम्पोला बांधून ओढत घेऊन आली. बरोबर तिचा दीर. ट्रॅक्टर तीच चालवते, नवरा गेल्यापासून आपली शेती करून लोकांची नांगरटही करते. उतरल्या उतरल्या दीर माझ्याशी बोलायला लागला, तिच्याकडे न बघता. "फवारणीच्या पंपाचं पेट्रोल हिनं डिझेलच्या टाकीत ओतलं असणार. कॅन शेजारी शेजारीच असत्यात. बाईमाणसाच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हतंय." ती एवढंच म्हणाली, "म्या डिझेलच वतलं हाय. पंपावरनं आणलं आन् वतलं. पांढरा धूर आला आन् रानातच बंद पडला." तिच्या आवाजात राग नव्हता. हेच वाक्य ती घरात बऱ्याच वेळा बोलून आली असावी.

मी टाकीच्या तळातून थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढलं आणि ठेवून दिलं. तसं करताना मला आपली नारायण पेठेतली दोन खोल्यांची जागा आठवली. तुम्ही लोणच्याच्या रिकाम्या बरण्या पिशवीत भरून हडपसरच्या बसला निघाला आहात, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. "अहो, या वर्षी लोणचं घालू की तुमच्या डिझेलचं घालू?" तुम्ही एक बरणी परत ओट्यावर ठेवता. सर्वांत लहान. आणि एक मालक आठवला. त्याच्या मळणी यंत्राच्या डिझेलमध्ये कुणीतरी रॉकेल मिसळलं होतं आणि तो ड्रायव्हरला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलत होता. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "आपण जरा बाहेर थांबता का? आधी टाकी बघू, माणसाचं नंतर बघू." मालक खरंच बाहेर जाऊन उभा राहिला. मला त्याची मोठी गंमत वाटली होती.

तर बरणी. थोड्या वेळात वर डिझेल आणि खाली पाणी, मधे स्वच्छ रेघ. पेट्रोल असतं तर असं वेगळं झालंच नसतं. दिराला बरणी दाखवली. तो म्हणाला, "मग हिच्याच कॅनमधी पाणी असंल." कॅन टेम्पोतच होता. आत फडकं घालून पुसला, तेलकट, पण पाण्याचा थेंब नाही. डिझेल कुठून आणलं विचारलं तर तिने काकांच्या पेट्रोल पंपाचं नाव घेतलं.

मी स्वतः गेले. पंपावरच्या पोराकडून कॅनमध्ये डिझेल घेतलं, तिथेच बाटलीत ओतलं आणि काकांच्या टेबलावर ठेवलं. काका चष्मा लावून बघत राहिले. बाटलीत रेघ दिसायला लागली तेव्हा त्यांनी चष्मा काढला. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणावर पावसाचं पाणी साचत होतं, ते आत झिरपलं होतं. "आधी दोघांची तक्रार आली होती," ते म्हणाले. "मला वाटलं त्यांच्याच टाक्या घाण असतील." मी म्हटलं, "काका, डिझेलची विक्री आजच्या आज बंद करा." ते "बघतो" म्हणाले.

संध्याकाळी ते वर्कशॉपवर आले. शनिवार नव्हता. चहा मागवला मी. बाईच्या ट्रॅक्टरचा, इंजिनाला डिझेल पोचवणारा पंप टेबलावर उघडा पडला होता, आतल्या भागांवर गंज चढलेला. काका त्याच्याकडे बघत म्हणाले, "टाकी मी उपसून घेतो. पण त्या लोकांना सांगताना माझ्या पंपाचं नाव कशाला? कॅनमध्ये पाणी होतं म्हण. घरगुती कॅन, होतं असं. बाईला कोण फासावर चढवणार आहे?" मी म्हटलं, "तिच्याकडून ट्रॅक्टर काढून घेतील, काका. दीर त्यासाठीच बरोबर आलाय." ते म्हणाले, "तुझा बाप असता तर त्याने आधी मित्राला सांभाळलं असतं. तिरडीला खांदा दिलाय मी त्याच्या."

मी म्हटलं, "अण्णांनी खरं तेच सांगितलं असतं."

ते कप अर्धा ठेवून उठले. दाराशी चप्पल पायात घालताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला आणि मी धरायला गेले तर त्यांनी हात बाजूला केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पंपावर डिझेलच्या नळीला पोतं गुंडाळलेलं होतं आणि वर 'डिझेल नाही' अशी पाटी. टाकी त्यांनी खरंच उपसली, झाकण नवं बसवलं. तेवढी माणुसकी त्यांच्यात आहेच, हे मी कुणालाही सांगेन.

बाईला मी जे होतं ते सांगितलं, दिरासमोर, डिझेल कुठलं हेही. टाकी धुतली, फिल्टर बदलले, पंपाचे गंजलेले भाग नवे घातले. इंजिन चालू झालं तेव्हा दीर पुढे होऊन सीटकडे गेला. ती आधीच चढून बसली होती. "बसा की मडगार्डवर," ती त्याला म्हणाली. तो बसला. रहदारीत शिरताना तिने मागे बघून हात केला, आणि मागचे मोटारवाले नेहमीप्रमाणे हॉर्न वाजवत राहिले.

लोक म्हणतात, बापावर गेली आहे. कुठल्यातरी गिऱ्हाइकाकडून हा सगळा प्रकार कळल्यावर तर जास्तच म्हणतात. मी ऐकून घेते. पण अण्णा, तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत नाही. तुम्ही काकांना घेऊन कोपऱ्यावर गेला असतात, काहीतरी तिसरंच काढलं असतं, जे मला सुचत नाही. कदाचित मित्राला सांभाळलंही असतं. त्या संध्याकाळी मी तुमचा विचारच केला नव्हता. माझी पाठ दुखत होती, पंप अजून जोडायचा होता, आणि काकांनी आता घरी जावं एवढंच मला वाटत होतं. तुमचं नाव घेतलं की त्यांच्याजवळ उत्तर उरणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून घेतलं.

तुमचं नाव मी नुसतं वापरलं, हे काकांना सांगितलं तर ते कदाचित पुन्हा येऊन बसतील. दोनदा त्यांच्या पंपावरून गेले. थांबले नाही.