हरभऱ्याएवढं आऊट

सोलापूर, बुधवार, संध्याकाळ

आज चूक माझीच. माझ्या पोरीनं, शिवलीलानं, कॉलेजच्या कार्ट रेसिंगसाठी आणलेल्या रोटरी इंजिनाचं लाकडी मॉडेल केलंय. त्याचा शाफ्ट मी लेथवर काढून दिला. रोटर ज्यावर बसतो तो गोल भाग ड्रॉइंगमध्ये मधोमध नव्हता, हरभऱ्याएवढा बाजूला होता. पस्तीस वर्षं टर्नर आहे मी, सेंटर सोडलेला आऊट जॉब मला बघवत नाही. गपचूप सेंटरला आणला.

मॉडेल फिरेचना. डबा भुईमुगाच्या शेंगेसारखा, आत तिकोनी रोटर, तो शेंगेच्या कमरेपाशी अडकला.

"अप्पा, तुमी हे सुधारलं की काय?"

"व्हय. आऊट होतं की."

ती हसत सुटली. "त्या आऊटवरच तर इंजिन चालतंय!"

मग नवा काढला, मुद्दाम हरभऱ्याएवढा आऊट. हातानं फिरवला, तर रोटर झोपेत कूस बदलल्यासारखा डुलत निघाला, तिन्ही कोपरे भिंतीला घासत. खऱ्या इंजिनात एका बाजूची पोकळी वाढत हवा-पेट्रोल ओढते, दुसरीत ते दाबलं जाऊन पेटतं, तिसरीतून धूर बाहेर. पिस्टनची आदळआपट नाहीच. शाफ्टाचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक. किती वेळ फिरवत बसलो कुणास ठाऊक.

रेसच्या गाड्यांची पुण्यातली नोकरी तिला हवीय. मी महिनाभर म्हणतोय, इथंच राहा, सरकारी परीक्षा दे. तिलाही सेंटरलाच आणत होतो का मी?

जेवताना विचारलं, "पुण्याला कधी जायचं मग?"