घुंगरू तांदळाच्या डब्यात होते

वृंदा,

तुझा फोन लागत नाही, देवूचाही बंद आहे, म्हणून लिहिते. मी मेट्रोने मंडी हाउसला, देवूच्या परीक्षेच्या ठिकाणी चालले आहे. एकटीच. धीरजला ऑफिसात फोन करून गोंधळ घालू नकोस, मी काही दुधखुळी नाही.

देवूचे घुंगरू चोरीला गेले नव्हते. मीच ते तांदळाच्या डब्यात तळाशी पुरले होते. कामवालीवर उगाच संशय घेतलास, उद्या तिच्याशी गोड बोल. सकाळी पोरीने सगळं कपाट पालथं घातलं आणि डोळे पुसत तशीच परीक्षेला गेली. मी, तिची आजी, समोर मटार सोलत बसले होते. नाचाच्या कॉलेजात निवड झाली की ती बंगळूरला जाणार. आता यापुढे मला काही विचारू नकोस.

घुंगरू पिशवीत घेतलेत. पाचला तिचा नंबर आहे आणि चार वाजत आले. उतरायचं स्टेशन चुकलं नाही म्हणजे मिळवली.

मटार फ्रिजमध्ये आहेत. कुकरचं झाकण नीट लाव, परवा डाळ छताला लागली होती.

आठला आमच्या त्या नाचाच्या शाळेच्या मालिकेचा शेवटचा भाग आहे. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी पोरीला खोलीत कोंडणाऱ्या त्या आत्याला मी आणि देवू आठवडाभर शिव्या घालतोय. मी तोवर घरी पोचले नाही तर तू बघून ठेव. पोरीने त्या बाईला माफ केलं का, तेवढं मला सांग. देवूसमोर नको.

आई