मातृभाषेचा रकाना

रविवार, अयोध्या नगर

शेजारच्या गल्लीतले तिवारीजी, मूळचे भोजपुरी मुलखातल्या बलियाचे, आज वेगळ्या भोजपुरी राज्याच्या मागणीचा अर्ज घेऊन आले. "दीदी, आप लोगों का तो अपना महाराष्ट्र है. एक दस्तखत कर दीजिए." केली सही. मागणी पटतेच मला.

पण तो रकाना काही डोक्यातून जात नाही. मागच्या जनगणनेत आम्हा शिक्षकांना मोजणीचं काम होतं, आणि शाळेने त्यांची गल्ली मला दिली होती. तिवारीजींची आई दारात बसून माझ्याशी भोजपुरीत भरभरून बोलत होती, आणि मी मातृभाषेच्या रकान्यात न विचारताच 'हिंदी' लिहिलं. माझ्या घरी मोजणीला आलेल्या बाईंना मात्र 'मराठी लिहिलंत ना?' असं दोनदा विचारलं होतं.

तिवारीजींना सांगावं का? नवी जनगणना येईल, पण आई आता नाहीत. माझ्या कागदावर त्या कायमच्या हिंदी बोलणाऱ्या.