आधी झोप येते

अप्पा, तुम्हाला दिली होती तीच गोळी आता मला चालू केली आहे. पाकीट वेगळं, पण आतलं औषध तेच, मिर्टाझापिन. निगडीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी नाव घेतलं आणि मला भोसरीची आपली खोली दिसली. मी नववीत आहे. आई गॅसपाशी भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात. "कितवीला हायस गं तू?" तुम्ही विचारता. मी सांगते. ताट पुढ्यात येईपर्यंत तुम्ही पुन्हा तेच विचारता. आई माझ्याकडे बघत नाही.

तुम्ही काही म्हातारे नव्हता. कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर, प्रेस शॉपमधली तुमच्या जोडीची माणसं कमी केली, तुम्हाला ठेवलं, आणि तेव्हापासून तुमचं बोलणं आटत गेलं. जेवण सुटलं, झोप उडाली. बसमध्ये आपला स्टॉप मागे गेला तरी उतरायचं सुचेना. शेवटी मामाने डॉक्टरकडे नेलं. गोळी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत तुम्ही आईला म्हणालात, "अजून एक भाकर वाढ." ती पाठमोरीच राहिली, कितीतरी वेळ नुसतं पीठ मळत. त्या रविवारी तुम्ही दुपारभर घोरत पडलात आणि आम्ही टीव्ही बंद करून ते घोरणं ऐकत बसलो.

पण झोप कामावरही यायला लागली. सुपरवायझरने तुम्हाला मशीनवरून उठवून घरी पाठवलं. आई म्हणाली, "डॉक्टरांना विचारा, मग काय ते करा." तुम्ही म्हणालात, "विचारायचं काय त्यात? प्रेसवर डोळे झाकायलेत माझे. हात गेल्यावर गोळी काय कामाची?" तुम्ही गोळ्या बंद केल्या. दिवाळीच्या आधी, आम्ही शाळेत असताना, तुम्ही जीव दिलात.

आता मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. हातातला पार्ट तपासला की तपासायचा राहिला, तेच आठवेनासं झालं. एका दुपारी मुलीला शाळेतून आणायचंच विसरले, म्हणून दवाखान्यात गेले. ही गोळी आत जाऊन करते काय, मी विचारलं. बाई म्हणाल्या, "मेंदूत खोल आत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी तिथे बांधल्या जातात. फार दिवसांच्या नैराश्यात त्याचं काम मंदावतं, काहींमध्ये तो आकसतोही. ही गोळी नेहमीच्या गोळ्यांपेक्षा वेगळ्या वाटेने काम करते. आधी झोप येते, भूक लागते. तिथल्या पेशी पुन्हा एकमेकींशी जोडल्या जायला मात्र आठवडे लागतात. प्राण्यांमध्ये तसं दिसलंय, माणसांबद्दल अजून पक्कं सांगता येत नाही. पण मध्येच सोडू नका."

मी खुर्चीत बसून तुमचे आठवडे मोजत राहिले. तुमच्यापर्यंत फक्त झोप पोचली होती, अप्पा. बाकीचं आलं असतं की नाही, कोणाला ठाऊक.

मग त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कोणाला असा त्रास होता? वडील कशाने गेले?"

"हार्ट अटॅकने," मी म्हणाले. आईने तेव्हा शेजारीपाजारी, गावाकडे, सगळ्यांना हेच सांगायला लावलं होतं. परवा पुन्हा बोलावलंय. तेव्हा खरं सांगेन, असं इथे लिहिणार होते. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मला तशी खात्री नाही.