जुन्या मापाचा ब्लाउज

ताई,

रागात आहे, म्हणून नमस्कार शेवटी करीन. आईला सांग, मी नीट जेवते, झोपते. अर्धं खोटं आहे, पण सांग.

तू शिवून पाठवलेला ब्लाउज मिळाला. डाव्या बाजूला कापूस भरलास, म्हणजे कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये माझा स्तन काढला हे कुणाला कळू नये. हो, स्तन. लिहिल्याने कागद जळत नाही. आणि कळू नये कुणाला गं? तुझ्या सासूला? गिऱ्हाइकांना? मी काय चोरी केलीय?

तू आणि इथले डॉक्टर एकाच माळेचे मणी. "रिपोर्ट छान आहे, आता मजेत राहा," म्हणतात. डावा हात सुजून टम्म झालाय, केसही विंचरता येत नाहीत, हे सांगायला तोंड उघडावं तर पुढच्या पेशंटला हाक मारतात. मजेत राहा म्हणे!

दुकानात कुणी जुनं माप सांगितलं तर तू ऐकतेस का? "अंगाला विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही," हे मला तूच शिकवलंस. मग माझ्या अंगाला का नाही विचारलंस?

कापूस मी उसवून फेकला. तरी बाही दंडातच अडकली.

आईचा खोकला कसा आहे? माझ्या मशीनला तेल घालतेस ना?

भेटायला येशील तेव्हा डबा आणू नकोस, टेप आण. आणि माप घेताना मान फिरवू नकोस.

आता नमस्कार.

तुझी धाकटी