चकलीच्या डब्यातली किल्ली

शुक्र., ३ ऑक्टोबर

सुट्टी. सकाळपासून भाषणाची टिपणं. २३ला गावसभा, पालक समितीने वक्ता म्हणून माझं नाव दिलंय. मागणी एका वाक्याची: नेमबाजी मंडळाच्या सभासदांनी बंदुका घरी ठेवू नयेत, मंडळाच्या इमारतीत एका पक्क्या खोलीत ठेवाव्यात. खेळाला विरोध नाही. माझी लेक ईरा तिथेच दर आठवड्याला हवेच्या बंदुकीचा सराव करते. माझ्याशी भांडून मिळवलेली परवानगी. पण उन्हाळ्यात पुन्हा एका शाळेतल्या गोळीबाराची बातमी आली. पुन्हा मेणबत्त्या, पुन्हा फुलं, चार दिवस चर्चा, मग शांत. या वेळी शांत होऊ द्यायचं नाही.

श्री: "तू उभी राहिलीस की लोक हात वर करायला घाबरतात." चहा मात्र नवऱ्याने करून दिला.

शेजारचे सेप्प बहिणीकडे रेगेन्सबुर्गला गेले, दहा दिवस. झाडांना पाणी घालायला घराची किल्ली आमच्याकडे. पन्नास वर्षं मंडळात आहेत. जाताना म्हणाले, "माझ्या जिरॅनियमना भाषण ऐकवू नकोस, कोमेजतील." जर्मनमध्ये आम्ही एकमेकांना डू, म्हणजे अरे-तुरे, म्हणतो, वहीत मात्र हात अहो-जाहोच लिहितो. सत्तरी ओलांडलेला माणूस. इंगोलश्टाटच्या नोकरीवर जर्मनीत आलो तेव्हा या गावात घर मिळवून दिलं ते त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, गेर्डाने. ईरा चार वर्षांची होती. गेर्डाला जाऊन आता आठ महिने.

मंगळ., ७ ऑक्टोबर

ईराची परीक्षा म्हणून आज पाणी घालायला मी गेले. स्वयंपाकघरात फळीवर आमचा स्टीलचा डबा. झाकणावर आईचं नाव कोरलेलं. तीन दिवाळ्यांपूर्वी चकल्या घालून दिला होता. डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आपली रीत गेर्डाने कधीच उचलली होती. दर नाताळात आमचे डबे तिची बिस्किटं भरून यायचे. हा मात्र तिने मागून ठेवून घेतला, कोरलेली अक्षरं आवडली म्हणून.

सहज उघडला. आत एक किल्ली. चिठ्ठीवर गेर्डाचं अक्षर: तळघर, राखाडी कपाट.

त्या कपाटात काय आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक. तीन बंदुका.

झाकण लावलं. निम्म्या कुंड्या तशाच राहिल्या.

घरी ईराला विचारलं, सेप्पच्या कपाटाची किल्ली कुठे असते माहीत आहे का. मोबाइलवरून डोळे न उचलता, नेहमीसारखं जर्मनमध्ये: "हो, आजीच्या डब्यात. त्यात काय? मला कधीपासून माहितीये." दोन वर्षं तिथे पाणी घालायला तीच जाते. एकटी. पंधरा वर्षांची.

आणि मी गेले कित्येक महिने लोकांच्या पोरांबद्दल बोलतेय.

बुध., ८ ऑक्टोबर

श्री: "ते आले की आधी त्यांच्याशी बोल. सभेच्या आधी."

बोलणार. कायदा स्पष्ट आहे, किल्लीसुद्धा बंदुकीइतकीच बंदोबस्तात हवी. पण मला कायद्याहून जास्त एक जुनं वाक्य छळतंय. मार्चमध्ये कुंपणापाशी सेप्प म्हणाले होते, "आता कुलपं कशासाठी लावायची? आत कोण उरलंय?" तेव्हा घराच्या कुलपाबद्दल बोलताहेत असं वाटलं. मी हसले होते बहुतेक.

सोम., १३ ऑक्टोबर

सेप्प आले. मधाची बाटली आणली. "आल्झो, तर मग तेविसाव्या तारखेला आमचा निकाल लावणार म्हणे?"

म्हटलं, तुमचा नाही, कपाटांचा.

"कपाटं बिचारी बोलत नाहीत, म्हणून तू जिंकतेस."

हसलो दोघं. तीच वेळ होती. मी मधाची चौकशी केली, कुठल्या फुलांचा वगैरे.

मंगळ., २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. ऑफिसातून लवकर आले. चकल्या यंदा मोडल्या, भाजणी जुनी. तरी सेप्पकडे घेऊन गेले. प्लास्टिकच्या डब्यात. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग फळीकडे. "तुझा तो चांगला डबा इथेच आहे की. नेतेस?"

याहून सोपं दार कोण उघडून देतं? मी म्हटलं, राहू दे, गेर्डाला आवडायचा.

पाचशे माणसांसमोर माझा आवाज कापत नाही. एका माणसासमोर, त्याच्या स्वयंपाकघरात, मी मध आणि चकल्यांबद्दल बोलते. परवा सभा. सभेनंतर नक्की.

गुरु., २३ ऑक्टोबर

झालं ते सरळ लिहिते.

खाणावळीचा मोठा हॉल भरलेला. सुरुवात चांगली. मग मंडळाच्या अध्यक्षीणबाई उठल्या. शांत बाई, आकांडतांडव नाही. म्हणाल्या, "सगळ्या बंदुका एका खोलीत ठेवल्या की चोराला एकच कुलूप फोडायचं. आणि आमचे सभासद बेजबाबदार आहेत, असं तुम्हाला कुठे दिसलं? एक उदाहरण द्या."

चोराच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर होतं: भक्कम खोली, दोन कुलपं, दोन वेगळ्या माणसांकडे किल्ल्या. ते द्यायचं होतं. पण उदाहरण मागितलं ना. शाळेपासून वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेलं हे तोंड. उदाहरण मागितलं की थांबत नाही.

"माझ्या माहितीतलं एक घर आहे," मी म्हणाले. "कपाट नियमाप्रमाणे, कुलूप नियमाप्रमाणे. आणि किल्ली? खाऊच्या स्टीलच्या डब्यात. हात पुरेल अशा फळीवर. शाळकरी मुलीला माहीत असलेली."

मग टाळ्या. अशा टाळ्या या गावात मला कधी मिळाल्या नव्हत्या.

टाळ्यांच्या मधोमध तिसऱ्या रांगेत सेप्प दिसले. टोपी गुडघ्यावर. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी दोघंतिघं वळून त्यांच्याचकडे बघत होते.

नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज कुठे होती? या गावात स्टीलचा डबा एकाच घरातून जातो, आमच्या, तोही शेजारीच.

शुक्र., २४ ऑक्टोबर

बेकरीत एक बाई हात दाबून म्हणाली, शाबास. काउंटरवरच्या मुलीने पाव पुढे सरकवला, रोजचं हसू नाही.

ईरा: "त्यांनी मला सायकल शिकवली, ममा. आणि तू त्यांना टाळ्यांसाठी वापरलंस." जर्मनमध्ये. वाटलं, निदान हे तरी मराठीत बोलली असती तर ओरडता आलं असतं.

श्री: "भाषण उत्तम झालं. तेच तर वाईट झालं."

सेप्पकडे दोनदा बेल वाजवली. गाडी दारात, दार उघडलं नाही.

सोम., २७ ऑक्टोबर

घरूनच काम. दहाच्या सुमाराला सेप्पच्या दाराशी दोन माणसं, जिल्हा कचेरीच्या परवाना विभागातून. न कळवता तपासणी. मी तक्रार केलेली नाही. पण मी नाही तर कोण? भरल्या हॉलमध्ये केली ती तक्रार नाही तर काय?

पाऊण तासाने बाहेर आले. तीन लांब पिशव्या गाडीत ठेवल्या. सेप्पनी कशावर तरी सही केली. माझ्या खिडकीकडे बघितलं नाही. मी बघत होते, हे त्यांना माहीत होतं.

खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते: पिशव्या गेल्या तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं. खूप. लाज नंतर आली.

गुरु., ३० ऑक्टोबर

पायरीवर डबा. आईच्या नावाचा. स्वच्छ घासलेला, पुसलेला. उघडला.

रिकामा.

अकरा वर्षांत त्या घरातून पहिल्यांदा.

पालक समितीच्या बाईंचा फोन. १३ नोव्हेंबरला नगर परिषदेत मतदान, तुम्हीच बोला, ते डब्याचं उदाहरण पुन्हा घ्या, जबरदस्त आहे. सांगितलं: बोलेन. मागणी तसूभर मागे घेणार नाही. डबा नाही घेणार. "पण त्यानेच तर लोक हलले," म्हणाल्या. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हटलं, म्हणूनच नाही. दोन कुलपांनी हलवून दाखवते.

संध्याकाळी भाजणी नव्याने भाजली. ईरा ओट्यापाशी येऊन उभी राहिली. सोऱ्या फिरवायला लागली.

शनि., १ नोव्हेंबर

आज सगळं गाव कबरींवर दिवे लावतं. सेप्प तिथेच भेटणार, माहीत होतं. डबा चकल्या भरून घेऊन गेले. भाषण तयार केलं नव्हतं, आयुष्यात पहिल्यांदा.

गेर्डाच्या कबरीपाशी लाल काचेतला दिवा. बाजूला जाऊन उभी राहिले. म्हटलं, "सेप्प, तू परत आलास त्या तेरा तारखेलाच मी बोलायला हवं होतं. चौदाला तरी. तुझ्या स्वयंपाकघरात. मी हॉलमध्ये बोलले. माफ कर."

सेप्पनी वाकून दिव्याची वात नीट केली. मग म्हणाले, "डबा गेर्डाने निवडला. म्हणाली, बिस्किटं कोण चोरणार?" थोड्या वेळाने, "मुलीला माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. हॉलमध्ये कळलं."

"बंदुका परत मिळतील?"

"चौकशी चाललीय. मिळाल्या तर?"

"तर मी पुन्हा विरोधात बोलेन. या वेळी आधी तुला सांगून."

मग जे कुठल्याच भाषणात नव्हतं ते विचारलं. "मार्चमध्ये म्हणाला होतास, आत कोण उरलंय. त्या कपाटाशेजारी तू एकटा असायचास, त्याची मला भीती वाटते. वाटायला हवी का?"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मी सांगितलं, उद्यापासून संध्याकाळचं जेवण आमच्याकडे, ईरा बोलवायला येईल, ती दार उघडेपर्यंत बेल वाजवते.

"तिला डाव्या खांद्याकडे लक्ष द्यायला सांग," म्हणाले. "नेम धरताना उचलते."

त्यांनी डबा घेतला. उघडला नाही, हातात तोलून पाहिला. फाटकापर्यंत बरोबर चाललो. तिथे थांबून म्हणाले, "तेरा तारखेला नगर परिषदेत मी पहिल्या रांगेत बसणार आहे. मलाही बोलायचंय."

कोणत्या बाजूने, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.